आधी वजन कमी करते, मग इंटरव्ह्यू देते

"मॅडम, इंटरव्ह्यूला नेमकं काय घालून जाऊ?" करिअरसाठी माझ्याकडे येणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळेच हे कधी ना कधी विचारतात. कपड्यांचं उत्तर द्यायला पाच मिनिटं पुरतात. पण बऱ्याचदा या प्रश्नाच्या पोटात दुसराच प्रश्न असतो आणि तो बाहेर यायला दोन-तीन भेटी जातात, म्हणून आज एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

वय चाळिशीच्या आत, अकाउंट्सचा चांगला अनुभव, मग घरात मोठं आजारपण आलं आणि नोकरी सोडली ती सहा वर्षं. माझ्याकडे आल्या तेव्हा तक्रार एकच, कॉन्फिडन्स गेलाय. दोन ठिकाणचे कॉल आले होते आणि दोन्ही वेळा त्यांनी तब्येत बरी नाही असं सांगून टाळलं होतं. तिसरा इंटरव्ह्यू बारा दिवसांवर होता आणि तोही टाळायचा असं मनात जवळपास ठरलंच होतं.

का टाळता, हे पहिल्या भेटीत कळलंच नाही. दुसऱ्या भेटीत बोलता बोलता निघालं की जुन्या नोकरीतला निळा शर्ट आणि काळी पँट त्यांनी कपाटाच्या दाराला बाहेरून अडकवून ठेवलीये, रोज सकाळी घालून बघतात, पँटचं बटण लागत नाही. "ते लागलं ना मॅडम की मी इंटरव्ह्यू द्यायला लागणार. आधी वजन कमी करते."

इथे माझी चूक झाली. मी पटकन म्हणून गेले, अहो कपड्यांकडे कोण बघतंय, तुमचं काम बघतात लोक. त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी स्वतः चार वर्षं लोकांचे इंटरव्ह्यू घेतलेत मॅडम. मी बघायचे."

बरोबर होतं त्यांचं. धीर द्यायच्या नादात खोटं बोलून उपयोग नसतो, समोरच्याला ते लगेच कळतं. मानसशास्त्राचे अभ्यासक जॅनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी 2006 मध्ये दाखवलं की अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग जरी दिसला तरी माणूस विश्वासू वाटतो का, कामाचा वाटतो का याचं मत तयार होतं, आणि बघायला जास्त वेळ दिला तरी ते मत फारसं बदलत नाही, फक्त आपलंच बरोबर आहे ही खात्री वाढते. म्हणजे पहिली छाप पडते, हे खरंच आहे. मी त्यांना सॉरी म्हटलं आणि पुन्हा सुरुवात केली.

विचारलं, तुम्ही घेतलेल्या इंटरव्ह्यूंमधलं कोणाचं काय लक्षात राहिलंय? त्यांनी बराच वेळ आठवून बघितलं. एका मुलाने इतका परफ्यूम मारला होता की खोलीत बसवेना. एक मुलगी पूर्ण वेळ बाही खाली ओढत होती, तिचं उत्तर काय होतं ते आठवत नाही पण ती बाही आठवते. एकाच्या शर्टाला घडीच्या सुरकुत्या तशाच होत्या. मग मी विचारलं, जाडी कोणाची लक्षात राहिली? शर्टाचा रंग? त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "नाही. एकाचंही नाही."

याच्याशी जुळणारा एक प्रयोग आहे तो मी त्यांना सांगितला. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेला. विद्यार्थ्यांना घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं आणि नंतर विचारलं, किती जणांनी बघितलं असेल? त्यांना वाटलं साधारण निम्म्यांनी, प्रत्यक्षात पाव लोकांच्याच ते लक्षात आलं होतं. आपल्याला आपलं जे खुपतं ते सगळ्यांना दिसतंय असं वाटतं, पण बघणाऱ्याच्या डोक्यात एकंदर चित्र राहतं, स्वच्छ, नीटनेटका, शांत बसलेला माणूस, किंवा मग सारखं काहीतरी सावरणारा माणूस. हा दुसरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो कारण तो आपल्या हातात असतो.

पुढच्या भेटीला मी त्यांना दोन जोड घेऊन यायला सांगितलं, एक तो निळा शर्ट आणि त्याच्यासोबत कशीबशी बसणारी एक पँट, आणि दुसरा आत्ताच्या मापाचा कुठलाही साधा. लोक कपडे आरशासमोर उभं राहून ट्राय करतात आणि इंटरव्ह्यू मात्र बसून होतो, ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. म्हणून खुर्चीत बसवलं, वीस-वीस मिनिटं नेहमीचे प्रश्न विचारले आणि फोनवर रेकॉर्ड केलं. मग दोन्ही रेकॉर्डिंग त्यांनाच दाखवली, मी काहीच बोलले नाही.

निळ्या शर्टात बसल्यावर दोन बटणांच्या मध्ये फट पडत होती आणि तिथे त्यांचा डावा हात सतत झाकायला जात होता. आवाजाचं तर त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं, प्रत्येक वाक्याचा शेवट गिळल्यासारखा. कमरेला पट्टा आवळलेला असला की पोट फुगायला जागा मिळत नाही, श्वास वरच्या वर छातीत घेतला जातो, आणि वाक्य संपायच्या आत हवा संपते. करड्या पँटमध्ये आणि साध्या पांढऱ्या शर्टमध्ये तीच बाई, तीच उत्तरं, पण दोन्ही हात मोकळे आणि वाक्य शेवटपर्यंत ऐकू येतंय. त्यांनी दुसरं रेकॉर्डिंग परत लावून बघितलं.

तरी निळा शर्ट सुटत नव्हता. मी विचारलं, बटण लागलं असं धरून चाला, मग काय होईल? डोळ्यांत पाणी आलं. "मग ही सहा वर्षं गेलीच नाहीत असं वाटेल." खरी गाठ इथे होती. पँटचं बटण एकीकडे, त्यांना भीती होती ती 'एवढी गॅप का' या प्रश्नाची, आणि तो प्रश्न येऊच नये म्हणून सहा वर्षांपूर्वीसारखंच दिसायचं होतं.

मग कपडे बाजूला ठेवले आणि पूर्ण भेट त्या उत्तरावर घालवली. आधी त्या पाच मिनिटं सफाई देत बसायच्या. शेवटी तीन वाक्यं उरली: घरातल्या आजारपणाची जबाबदारी माझ्यावर होती, ती आता संपलीये, मधल्या काळात बदललेले नियम आणि सॉफ्टवेअर मी शिकून घेतलंय. खरोखर शिकल्या होत्या, म्हणूनच ते सांगता आलं. वजन कमी करायचं तर जरूर करा म्हटलं, पण इंटरव्ह्यूची तारीख त्याला बांधू नका.

बाकी तयारी पटापट झाली. कपडे कसे हवेत हे ज्यांनी फोन केला त्यांनाच सरळ विचारायचं, त्यात कमीपणा काही नाही, आणि नाहीच कळलं तर तिथले लोक रोज घालतात त्यापेक्षा एक पायरी वर. नवीन बूट असतील तर आधी चार दिवस घरात वापरायचे. सगळं आदल्या रात्री इस्त्री करून एका जागी, सुटलेला दोरा, सैल बटण तेव्हाच बघायचं. वास कमीत कमी. ब्लेझर घाला म्हणजे कॉन्फिडन्स आपोआप येईल असं मी कोणाला सांगत नाही, 2012 मध्ये पांढऱ्या कोटावर एक गाजलेला प्रयोग झाला होता, तो घातला की लक्ष जास्त लागतं असा, पण 2019 मध्ये मोठ्या गटावर परत केला तेव्हा तसं काही दिसलं नाही.

त्यांचा पहिला राउंड ऑनलाइन होता, त्याची वेगळी प्रॅक्टिस केली. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून लॅपटॉपखाली पुस्तकं, उजेड पाठीमागून नको तर समोरून, बारीक रेघांचा शर्ट नको कारण कॅमेऱ्यात त्या रेघा लहरल्यासारख्या दिसतात, आणि लोंबते कानातले काढून ठेवायचे, हेडफोनवर आपटून खटखट ऐकू जाते. पँटसुद्धा नीटच घालायची, मध्येच उठावं लागलं तर?

इंटरव्ह्यू त्यांनी दिला. संध्याकाळी मेसेज आला, गॅपचा प्रश्न तिसराच होता आणि तीन वाक्यांत संपला. चार दिवसांनी परत मेसेज, "दुसऱ्या राउंडला बोलावलंय, प्रत्यक्ष. तोच पांढरा शर्ट घातला तर चालेल का?"

धुऊन इस्त्री करा, चालेल, असं कळवलं.