लिव्हर ट्रान्सप्लांटनंतरचा हर्निया दुर्बिणीतून दुरुस्त करावा का?

वडिलांच्या लिव्हर ट्रान्सप्लांटला दोन वर्षं झाली, जुन्या टाक्यांवर हर्निया आलाय, दुर्बिणीतून ऑपरेशन झेपेल का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. पण लिव्हर मिळालेला पेशंट आहे आणि माझा हर्निया दुर्बिणीतूनच दुरुस्त झालाय.

माझा फुगवटा बेंबीच्या वर, आडवे-उभे छेद मिळतात त्या तिठ्यावर आला. तिथे रक्तपुरवठा कमी, म्हणून तीच जागा फाटते. आडवं पडलं की गायब, उशीवरून मान उचलली की मुठीएवढा वर.

दुर्बिणीचा फायदा खरा आहे. ५ ते १२ मिलिमीटरची तीन-चार भोकं, तीही जाळीपासून (हर्नियाचं छिद्र झाकायला आत बसवतात ती कृत्रिम जाळी) लांब. आपली प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली, त्यामुळे जखम पिकून जंतू जाळीपर्यंत गेले तर ती काढावीही लागू शकते. पण भोकं लहान म्हणून आतलं काम लहान होत नाही. पहिल्या ऑपरेशननंतर आतडी पोटाच्या भिंतीला चिकटलेली असतात, ती सोडवण्यातच वेळ जातो. जमलं नाही तर पोट उघडावं लागेल, अशी सही माझ्याकडून आधीच घेतली होती. छिद्र फारच रुंद असेल तर ओपनच बरं पडतं. ते सीटी स्कॅन बघून सर्जन ठरवतील.

खरी गोम औषधांत आहे. शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्यातल्या एव्हरोलिमसवर मी होतो. त्याने आणि त्याच जातीच्या सिरोलिमसने जखम भरायला वेळ लागतो, स्टेरॉइडनेही लागतो. सर्जननी तारीख दिली आणि ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांनी ती दीड महिना पुढे ढकलून मला टॅक्रोलिमस या दुसऱ्या गोळीवर आणलं. तेव्हा मी चिडलो होतो, आता वाटतं बरं झालं. म्हणून दोन्ही डॉक्टरांचं आपसांत बोलणं झाल्याशिवाय तारीख घेऊ नका. वडिलांच्या गोळ्या स्वतःहून बंद तर अजिबात करू नका. ऑपरेशनच्या सकाळीही मला माझा डोस घोटभर पाण्याबरोबर दिला होता.

वॉर्डात मात्र घोळ झालाच. रात्री दुखतंय म्हटल्यावर सिस्टर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घेऊन आल्या. टॅक्रोलिमसबरोबर ते किडनीवर येतं, हे मला माहीत होतं म्हणून वाचलो. मग पॅरासिटामॉलवर भागलं. फाइलच्या पहिल्याच पानावर हे लाल पेनने लिहून ठेवा.

(किडनीवाल्यांचे अनुभव वाचून घाबरू नका. त्यांची नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला असते, त्या बाजूला जाळी बसवताना तिची मूत्रनलिका जपावी लागते. वडिलांना तो प्रश्न नाही.)

तारखेपर्यंत वडिलांना जड उचलू देऊ नका, खोकताना पोटावर उशी दाबून धरायला सांगा. फुगवटा कडक झाला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या तर त्याच क्षणी इमर्जन्सीत न्या. ताप नाही, फारसं दुखत नाही म्हणून थांबू नका. स्टेरॉइडवर असलेल्याला ही लक्षणं उशिरा दिसतात.