तळतळाट आणि थॅलेसेमिया

प्रश्न : माझा मुलगा ६ वर्षांचा आहे. त्याला थॅलेसेमिया मेजर आहे आणि दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. त्याच्या जन्माच्या आदल्या वर्षी सासूबाई गावी अंथरुणाला खिळल्या होत्या. नोकरीची सबब सांगून मी अखेरचे चार महिने तिकडे फिरकले नाही. सारे वन्संनी एकटीने केले. आता त्या म्हणतात, ‘आईचे तळतळाट लागले. केलेले इथेच फेडावे लागते.’ भाचीचे लग्न ठरते आहे, तरी त्या माझ्याशी नीट बोलत नाहीत. पिशवीतले रक्त थेंब थेंब उतरत असते, तेव्हा मी मनातल्या मनात सासूबाईंची क्षमा मागत राहते. माझ्या कर्माचे फळ लेकराला भोगावे लागते आहे का?
– एक आई

उत्तर : ताई, नाही. बाकीचे मागाहून सांगते, पण हा शब्द आधी ऐका.

आईवडिलांकडून येणाऱ्या या रक्ताच्या आजाराचे कारण तुमच्या आणि यजमानांच्या रक्तात तुमच्या जन्मापासूनच होते. पती-पत्नी दोघेही बीटा थॅलेसेमियाचे वाहक असले, म्हणजे दोघांच्याही अंगात हा दोष दडलेला असला, तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि वाहक व्यक्ती सहसा धडधाकट असल्यामुळे तपासणी केल्याखेरीज हे कळत नाही. तुम्ही सासूबाईंच्या उशाशी रात्रंदिवस बसून राहिला असतात, तरी त्या २५ चे २४ झाले नसते.

‘करावे तसे भरावे’ हे मी मानते, म्हणूनच त्याचा असा वापर मला सहन होत नाही. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. त्यांच्या आश्रमात चोरांनी लुटीचा माल लपवला, मौनव्रतामुळे ऋषी काही बोलले नाहीत आणि राजाच्या माणसांनी त्यांना सुळावर चढवले. पुढे त्यांनी धर्मदेवतेला जाब विचारला, तेव्हा लहानपणी तुम्ही कीटकांच्या शेपटीत गवताच्या काड्या खुपसल्या होत्या, त्याचे हे फळ, असे उत्तर मिळाले. मांडव्यांनी ते मान्य केले नाही. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा दिल्याबद्दल त्यांनी प्रत्यक्ष धर्माला मनुष्यजन्माचा शाप दिला, तोच विदुर झाला. आणि १४ वर्षांपर्यंतच्या मुलाचे कृत्य पाप धरले जाणार नाही, अशी मर्यादा घालून दिली. जिथे मुलाच्या स्वतःच्या कृत्याचाही हिशेब मांडायला मनाई आहे, तिथे तेव्हा जन्मलाही नव्हता अशा लेकराकडून आईच्या चुकीची वसुली कशी होईल? कुणी पूर्वजन्माकडे बोट दाखवील. सीवक नावाच्या परिव्राजकाने, म्हणजे फिरत्या संन्याशाने, बुद्धांना नेमके हेच विचारले होते, तेव्हा पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी अनेक कारणे सांगून त्यांनी सगळ्याचे खापर पूर्वकर्मावर फोडणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे ठरवले.

मात्र तुमच्या पत्रातली दुसरी गोष्ट मी झटकून टाकणार नाही. तुम्ही गेला नाहीत, आणि वाट पाहणारे माणूस गेले. ते कर्म तुमचे आहे, आणि यजमानांचेही आहे, कारण आई त्यांची होती आणि तुमच्या पत्रात ते कुठेच दिसत नाहीत. त्याचे फळ मुलाच्या रक्तात शोधू नका. चार महिने आईची कूस बदलता बदलता, अंथरूण धुता धुता एकटी पडलेली नणंद आणि तिचा अजून न निवलेला राग, हे ते फळ आहे. शास्त्राने संचित (साठलेले कर्म) आणि प्रारब्धाबरोबर (भोगायला आलेले कर्म) क्रियमाणही, म्हणजे आता करत असलेले कर्मही, सांगितले आहे, आणि आपल्या हातात असते ते एवढेच.

यजमानांना घेऊन वन्संकडे जा. ‘तुम्ही एकट्या पडलात, आम्ही चुकलो,’ एवढे सांगा आणि नोकरीचे नाव पुन्हा काढू नका. मुलाच्या आजाराचा विषय त्या बोलण्यात मिसळू नका. तो वेगळा काढा, कारण तो त्यांच्याही घरचा विषय आहे. यजमानांकडे हा दोष त्यांच्या आईकडून किंवा वडिलांकडून आला, म्हणजे वन्संही वाहक असण्याची निदान निम्मी शक्यता आहे, आणि त्या असल्या तर भाचीही असू शकते. लग्न ठरण्याआधी तिची एचपीएलसी ही रक्ततपासणी व्हायला हवी. ती वाहक निघाली तर नवऱ्या मुलाचीही करावी. तो वाहक नसेल, तर त्यांच्या पोटी मेजर मूल जन्मण्याची भीती नाही. ही तपासणी कुठे होते, हे तुमच्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवा, म्हणजे भाची तयार झाली की तुम्हीच तिच्याबरोबर जाल.