आरमारातून हवाई दलात : लाँगमोर यांची वाट

प्रश्न : सर आर्थर लाँगमोर हे मुळात ब्रिटिश आरमाराचे अधिकारी, पण १९४० साली मध्यपूर्वेतल्या हवाई दलाचे प्रमुख झाले, असं वाचलं. आरमार सोडून ते हवाई दलात कसे आले? आणि ऐन युद्धात त्यांना का हटवलं?
– एक वाचक

उत्तर : पहिल्या प्रश्नातली गाठ आधी सोडवतो. लाँगमोर आरमारात वैमानिक झाले तेव्हा स्वतंत्र हवाई दल नव्हतंच. १ एप्रिल १९१८ रोजी आरमाराची आणि लष्कराची उड्डाण शाखा एकत्र करून रॉयल एअर फोर्स उभं राहिलं आणि त्यांच्यासारखे शेकडो जण त्यात आले.

उड्डाण मात्र ते १९११ सालीच शिकले होते. इंग्लंडमधल्या ईस्टचर्चला शिकायला गेलेल्या पहिल्या चार अधिकाऱ्यांपैकी ते एक. विमानं फ्रान्सिस मॅक्लीन या हौशी गृहस्थांनी वापरायला दिलेली. त्याच वर्षी डिसेंबरात लाँगमोर यांनी विमानाच्या सांगाड्याखाली हवेच्या पिशव्या बांधून ते मेडवे नदीच्या पाण्यावर उतरवलं. मी आयुष्यभर हवाई दलात इंजिन फिटर होतो. पिशव्या बांधलेलं यंत्र घेऊन पाण्याकडे झेपावणाऱ्या त्या माणसाचा विचार आला की आजही हात जोडावेसे वाटतात.

पुढे २८ जुलै १९१४ ला कॅलशॉटला त्यांनी शॉर्ट कंपनीच्या सीप्लेनमधून, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून, चौदा इंच व्यासाचा टॉर्पेडो (पाण्याखालून जाऊन जहाजावर फुटणारं अस्त्र) सोडला. ब्रिटनमध्ये विमानातून टॉर्पेडो टाकण्याची ती पहिलीच वेळ. नोव्हेंबर १९४० मध्ये इटलीतल्या टारांटो बंदरात तिथल्या युद्धनौका याच शस्त्राने निकामी झाल्या. हल्ला आरमाराच्या विमानांनी केला, पण बंदराचे फोटो माल्टाहून उडणाऱ्या हवाई दलाच्या विमानांनी काढले होते, आणि माल्टाचं हवाई दल तेव्हा लाँगमोर यांच्याच हाताखाली होतं. ही गोष्ट कुणी फारशी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिली.

आता हटवण्याबद्दल. मे १९४० मध्ये ते कैरोला रुजू झाले आणि १० जूनला इटली युद्धात उतरली. ईजिप्त, सुदान, पॅलेस्टाईन, एडन, इराक, पूर्व आफ्रिका एवढा पसारा, आणि हाताशी साधारण तीनशे विमानं, त्यातली बरीच जुनी. नवी विमानं खोक्यांतून जहाजाने आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ताकोराडीला यायची, तिथे जोडली जायची आणि लागोस, कानो, खार्टूम करत कैरोला पोहोचायची. सहा हजार किलोमीटरच्या आसपासची वाट, त्यात वाळू. वाळू इंजिनाचं काय करते ते फिटरला विचारा! पोहोचलेलं विमानही लगेच लढाईला लावता येत नाही, आधी ते खोलावं लागतं.

भांडण इथेच पेटलं. लाँगमोर पुन्हा पुन्हा विमानं मागत आणि पंतप्रधान चर्चिल यादीतले आकडे दाखवून विचारत, एवढी विमानं, एवढी माणसं असताना आणखी कशाला? आमच्या हँगरमध्ये रोज सकाळी फळ्यावर दोन आकडे लिहिले जायचे : एकूण किती आणि उडण्याजोगी किती. लाँगमोर दुसऱ्या आकड्याबद्दल बोलत होते, लंडन पहिला वाचत होतं. ग्रीसवर हल्ला झाला तेव्हा याच अपुऱ्या ताफ्यातून त्यांनी आपणहून ब्लेनहाइम बॉम्बफेकी विमानांची एक तुकडी तिकडे पाठवली होती. तेव्हा चर्चिल यांनीच शाबासकी दिली होती.

१९४१ च्या मे महिन्यात त्यांना चर्चेसाठी म्हणून लंडनला बोलावलं, आणि परत पाठवलंच नाही. त्यांचे उपप्रमुख आर्थर टेडर त्या जागी बसले. टेडर यांच्या योग्यतेबद्दल शंका नाही. तरी लाँगमोर यांच्यावर अन्याय झाला असंच मी म्हणेन. त्यांना हवाई दलाचं इन्स्पेक्टर जनरल केलं, आणि १९४२ मध्ये ते निवृत्त झाले.