भाऊ मेलबर्नहून पिनो न्वार आणि स्पार्कलिंग वाइन आणतोय. कोणती आणायला सांगू, चव कशी घेऊ?

तुमचा भाऊ जानेवारीत दिग्रसला येतोय आणि दोन बाटल्या आणतो म्हणतोय: एक थंड भागातली पिनो न्वार (याच नावाच्या काळ्या द्राक्षाची लाल वाइन), एक स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची. तुम्ही दोन्ही कधी चाखलेल्या नाहीत. मी वरूडचा, घरचा संत्र्याचा बगीचा. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर होबार्टला शिकत असताना एक हंगाम कोल रिव्हर खोऱ्यातल्या मळ्यावर द्राक्षतोडणीला होतो, म्हणून लिहितोय.

आधी एकच सांगतो. आंबटपणा लागला की वाइन बिघडलीय असं समजू नका. आपण झाडाखाली संत्रं सोलून खातो तेव्हा नुसती गोडी बघतो का? नुसतं गोड फळ फिक्कं लागतं. गोडीला आंबटाची धार असली की दुसरी फोड आपसूक तोंडात जाते. द्राक्षाचंही तेच. रात्री थंड असल्या की आम्ल टिकतं, फळ सावकाश पिकतं आणि वास भरतो. पिनो न्वारची तर साल पातळ, घड घट्ट. उष्ण भागात ती भराभर पिकून मुरंब्यासारखी लागते. म्हणून तिचं मूळ घर फ्रान्समधलं बर्गंडी, आणि ऑस्ट्रेलियात तिच्यासाठी टास्मानियाचं नाव घेतात.

त्या मळ्यावर जाणती माणसं आम्हाला मणी चावायला लावायची. साल चावा, बी दाताखाली फोडा, हिरवी की तपकिरी ते बघा. स्पार्कलिंगसाठीची पिनो आधी तोडली. तेव्हा दोन-तीन मणी खाल्ले की दात आंबायचे. लाल वाइनची पिनो झाडावर आणखी काही आठवडे राहिली, तेव्हा त्याच मण्यात गोडी उतरली होती. वाण तोच, रान तेच! स्पार्कलिंगला तो आंबटपणा लागतोच. तिच्यासाठी तयार वाइन साखर आणि यीस्ट घालून बाटलीत पुन्हा आंबवतात. वायू आतच कोंडतो आणि वाइन यीस्टवर महिनोन्‌महिने मुरते. शॅम्पेनला, म्हणजे फ्रान्समधल्या त्याच नावाच्या भागातल्या स्पार्कलिंगला, तर किमान 15 महिने बाटलीत ठेवायचा नियम आहे. ताज्या पावासारखा वास येतो तो त्यातूनच.

म्हणून भावाला सांगा, स्पार्कलिंगच्या लेबलवर ‘ट्रॅडिशनल मेथड’ (हीच बाटलीत आंबवायची पद्धत) आणि ‘ब्रूट’ (कमी गोड) हे दोन शब्द बघ. ‘एक्स्ट्रा ड्राय’ हे नाव फसवं आहे: ड्राय म्हणजे गोड नसलेली, पण ती ब्रूटपेक्षा गोड असते. युरोपातल्या नियमाने ब्रूटमध्ये लिटरला 12 ग्रॅमपर्यंत साखर चालते, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17. पिनो न्वार टास्मानियाची किंवा मेलबर्नजवळच्या मॉर्निंग्टन पेनिन्सुलाची घेऊ दे. अल्कोहोल 13 टक्क्यांच्या आसपास असावं. 14 च्या वरची मी तरी पहिल्या वेळेला घेणार नाही.

चाखताना साधा काचेचा ग्लास चालतो, स्टीलचा नको. तिसरा हिस्साच भरा. पिनोच्या ग्लासामागे बोट धरलं तर दिसेल, इतका तिचा रंग पातळ असतो, आणि तो दोष नाही. ग्लास फिरवून वास घ्या. पुस्तकात चेरी-रास्पबेरी लिहितात. मला फालसे आठवतात, आणि जुन्या बाटलीत पावसाळ्यातल्या सात्यांचा (रानातल्या अळंब्यांचा), ओल्या पाल्याचा वास येतो. घोट तोंडात घोळवून गिळा आणि थांबा. गालाच्या आत पाणी सुटलं आणि चव बराच वेळ रेंगाळली, तर बाटली चांगली.

आपल्याकडे खरा शत्रू उन्हाळा. एक बाटली मी टिनाच्या खोलीत फळीवर ठेवली होती. मे महिन्यात बघतो तर बूच वर सरकलेलं, आणि आत उकळलेल्या पाकासारखी चव. फार वाईट वाटलं. तेव्हा पौष-माघातच उघडा, राखून ठेवू नका. पिनो 14 अंशांच्या आसपास हवी, म्हणजे खोलीतली बाटली अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये. स्पार्कलिंग बर्फ-पाण्याच्या बादलीत अर्धा तास, पण प्रवासातून आल्यावर एक दिवस उभी निवू द्या. आत बाहेरच्या हवेच्या 5-6 पट दाब असतो. तार सोडल्यापासून बुचावरचा अंगठा काढायचा नाही. बूच घट्ट धरून बाटली फिरवा, तोंड कुणाकडे नको.

सोबत सावजी मटण नको. त्या तिखटात पिनो हरवते. पिनोला निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं कमी तिखट भरीत द्या, आणि स्पार्कलिंगला गरम सांबारवडी (कोथिंबिरीची तळलेली वडी). तळणाचा तेलकटपणा ती अशी धुऊन काढते की पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. माझ्या घरी हिवाळ्यात हीच जोडी असते.

आणि हे विसरू नका: विमानातून माणशी दोन लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते, त्यात 750 मिलीच्या दोन बाटल्या बसतात. पण नागपूरहून तुमच्याकडचा रस्ता वर्धा जिल्ह्यातून येतो आणि तिथे दारूबंदी आहे. परवान्याचं काय ते राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात भाऊ निघायच्या आधीच विचारून घ्या.