बॉक्सएनचं मॉडेल घेताना काय पाहावं

भाऊ, रंग पाहून भाळू नकोस. आधी पट्टी लाव. एचओ हे मॉडेल रेल्वेचं एक माप, म्हणजे 1:87, खऱ्याच्या 87 पट लहान. कोळसा वाहणारा उघडा मालडबा, म्हणजे बॉक्सएन वाघिण, कपलिंगसकट 10.713 मीटर असते, म्हणजे मॉडेल 123 मिलिमीटरच्या आसपास भरलं पाहिजे. रुळांमधलं अंतर मात्र 16.5 मिलिमीटरच येतं. आपल्या ब्रॉडगेजला खरं तर 19 च्या वर हवं, त्यामुळे चाकं आत सरकल्यासारखी दिसतात. तो दोष बनवणाऱ्याला लावू नकोस.

मग वजन. सोनाराच्या काट्यावर ठेवून पाहा. एवढ्या लांबीच्या डब्याला 95 ते 100 ग्रॅम हवेत. हलका डबा लांब रेकमध्ये, म्हणजे जोडलेल्या डब्यांच्या माळेत, वळणावर हमखास रुळावरून उतरतो. वजन वाढवायचंच झालं तर शिशाची पट्टी तळाशी चिकटव, वर नको. चाकं धातूचीच घे, आणि काचेवर सोडून डबा डुगडुगतो का ते बघ.

खरी पारख नंबरात होते. वाघिणीवर 11 आकडे असतात, त्यातले पाचवा-सहावा बांधणीचं साल सांगतात. भिंगातून ते स्वच्छ वाचता आले, तर बनवणाऱ्याने मनापासून काम केलंय असं मी धरतो.

आपल्या चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात, माजरी-घुग्घुसकडे कोळशाचा रेक उभा दिसला, तर फाटकाबाहेरूनच नीट न्याहाळ. दारांच्या कडांना गंज कसा उतरलाय, फासळ्यांच्या खाचेत काळी भुकटी कुठे साचलीय, ते टिपून ठेव. नवाकोरा चकचकीत डबा आपल्या भागातला वाटतच नाही. रंग जुना करायचं काम मात्र चार-दोन डबे हाताखालून गेल्यावरच घे.