टक्का बघण्याआधी पट वाच

प्रिय मुली,

शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, सगळ्या शाळांचे नीट वाचणाऱ्या मुलांचे टक्के पडद्यावर लावले आणि तुझी शाळा खालून दुसरी निघाली, हे वाचलं. वर शेजारच्या शाळेतले गुरुजी ‘वाळव्यासारख्या सधन तालुक्यात असा निकाल?’ असं सगळ्यांसमोर म्हणाले, तेही वाचलं. पवित्र पोर्टलवरच्या सरकारी शिक्षकभरतीतून लागून अजून वर्ष नाही, पूर्ण पगाराआधीच्या शिक्षणसेवकाचं 16 हजारांचं मानधन, आणि त्यात हे ऐकायचं. राग आला असणारच. तो उतरला की कपाटातलं जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल मुलांची नोंदवही, काढून बस.

सांगली जिल्ह्यातला आपला वाळवा तालुका सधन आहे, खरंय. कृष्णेचं पाणी आहे, ऊस आहे, कारखाना आहे. पण ज्यांचा ऊस आहे त्यांची किती मुलं तुझ्या वर्गात बसतात? इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी सकाळी चौकात थांबते तेव्हा त्यात कोण चढतं आणि कोण नुसतं बघत उभं राहतं, ते एकदा पाहा. गाव सधन असलं म्हणून पट, म्हणजे वर्गात नाव असलेली मुलं, सधन असतोच असं नाही. पालकाच्या व्यवसायापुढे ‘शेती’ लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नकोस. दहा एकर बागायतवाल्याचीही शेतीच आणि दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाणारीचीही शेतीच. यू-डायसला, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीत, प्रवर्ग, मातृभाषा, दिव्यांगत्व सगळं भरून घेतात, पण आईला वाचता येतं का, संध्याकाळी पोर कुणाजवळ असतं, हे कुठल्याच रकान्यात नाही. त्यासाठी घरी जावं लागतं. आपल्याच जिल्ह्यात खानापूर-आटपाडीकडे तर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यापायी आईबाप परराज्यात आणि मूल आजीपाशी, असं घराघरात दिसतं. तिथल्या गुरुजींना विचार, पालकसभेला कोण येतं ते.

आता टक्क्याचं. चौथीत आठ मुलं आहेत, त्यातली चार नीट वाचतात. झाले 50 टक्के. दिवाळीनंतर फडावरचं, ऊसतोड मजुराचं एक मूल येऊन बसलं, त्याला वाचता येत नाही. आता नवातली चार, म्हणजे 44. वर्गातलं एकही मूल मागं गेलेलं नाही, उलट एक शाळाबाह्य मूल शाळेत आलंय, आणि पडद्यावर तुझी शाळा सहा टक्क्यांनी घसरली. चाळीसच्या वर्गात एका मुलाने अडीच टक्क्यांचा फरक पडतो, आठच्या वर्गात साडेबारा. कमी पटाच्या शाळांची अशी क्रमवारी लावणं मला कधीच पटलं नाही, नोकरीत असतानाही नाही. पण लावतात, लावत राहतील.

उसाच्या पट्ट्यात तर वर्षभर तोच वर्ग नसतोच. वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत चाचणी पाऊस चालू असताना होते, गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, वर्षअखेरची संकलित चाचणी दोन येते तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या परतीच्या वाटेवर असतात किंवा निघून गेलेल्या असतात. बीडकडून पोरं येतात तशी आपल्याच जिल्ह्यातल्या जतकडूनही येतात. त्यातल्या काहींच्या घरी कन्नड बोलतात आणि त्यांच्या गावची जिल्हा परिषदेची शाळाही कन्नड माध्यमाची असते. असं मूल तुझ्या मराठीच्या पेपरला बसवून त्याला ‘अप्रगत’ ठरवणं म्हणजे निव्वळ आळस. म्हणून दोन याद्या कर. पायाभूत आणि संकलित दोन, या दोन्ही चाचण्या दिलेली मुलं एका यादीत. मधे आलेली-गेलेली दुसरीत, आल्याची तारीख आणि त्या दिवशी काय येत होतं ते लिहून. शाळेचं काम पहिल्या यादीत दिसतं. आणि दाखला नाही म्हणून कोपीवरच्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीतल्या, कुणाला परत पाठवू नकोस. शिक्षण हक्क कायदा त्याला वयानुरूप वर्गात घ्यायला सांगतो, दाखला मागाहून आला तरी चालतो. त्याचं नाव मूळ शाळेच्या पटावर राहिल्यामुळे संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, तुला त्याचा उपयोग शून्य, हे कुणीतरी तुझ्या कानावर घालेलच. ऐकून घे आणि मुलाला बसव.

इथवर वाचून तुला हायसं वाटलं असेल, तर आता जरा टोचणारं लिहितो. ‘आमच्याकडं मजुरांचीच पोरं, काय करणार’ हे वाक्य मी पुष्कळ शाळांत ऐकलंय, आणि जिथं ते ऐकलं तिथं फळ्यावर अभ्यास कमीच दिसला. शेजारच्या साताऱ्यात कुमठे बीटच्या, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या, शाळा काही बंगलेवाल्यांच्या मुलांवर नावारूपाला आल्या नाहीत. प्रतिभा भराडे तिथं विस्तार अधिकारी होत्या, आणि राज्यभरातून शिक्षक त्या शाळा बघायला गेले. परत येऊन बऱ्याच जणांनी तिथल्यासारख्या वर्गाच्या फरशा रंगवल्या. या मुलाला आज काय येतं हे रोज तपासायची तिथली सवय मात्र थोड्यांनीच उचलली. फरशी रंगवायला एक रविवार पुरतो म्हणून असेल.

तू ती सवय लाव. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणवाले 2005 पासून घरोघरी जाऊन जे करतात तेच: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. प्रत्येक मुलाला एकटं जवळ बसवून वाचायला लाव, रोज नाही जमलं तरी महिन्यातून एकदा. एका मुलाला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. वहीत गुण लिहू नकोस, पायरी लिही. दोन महिने एकाच पायरीवर अडकलेलं मूल दिसलं की आधी त्याची हजेरी बघ, मग डोळे तपासून घे, मग स्वतःची शिकवण्याची रीत बघ. हाच क्रम ठेव. मुलाच्या जातीचा रकाना यात कुठंच येत नाही.

पुढच्या परिषदेत केंद्रप्रमुख विचारतील तेव्हा सबबी सांगत बसू नकोस आणि त्या गुरुजींशी हुज्जतही नको. पहिली यादी पुढं ठेव: पायाभूतच्या वेळी इतकी मुलं शब्दावर होती, आज इतकी परिच्छेद वाचतात. मग दुसरी यादी. शाळा व्यवस्थापन समितीतही हेच वाचून दाखव, तिथं आया बसलेल्या असतात, त्यांना टक्क्यापेक्षा हे लवकर कळतं. याद्या झाल्या की मलाही पाठव. मुलांची नावं झाकून पाठव.

तुझे सर