आजोबांच्या नावाचा लघुग्रह

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. शाळेतर्फे लघुग्रह शोधण्याच्या एका ऑनलाइन मोहिमेत तिने भाग घेतला होता. तिने टिपलेल्या एका ठिपक्याची ‘प्राथमिक नोंद’ झाल्याचं प्रमाणपत्र आलंय. ‘साताऱ्याच्या मुलीने ग्रह शोधला’ असं व्हॉट्सॲपवर फिरतंय. तिला त्याला आजोबांचं नाव द्यायचंय. अर्ज कुठे करायचा?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, आधी लेकीचं कौतुक. पेढे वाटून झाले असतील तर ते वाया गेलेले नाहीत. पण अर्जाची घाई नको. ती वेळ आलीच, तर बहुधा लेक तोवर नोकरीला लागलेली असेल.

तिने केलं काय, तर आकाशाच्या एकाच तुकड्याचे, थोड्या थोड्या वेळाने काढलेले फोटो एकामागून एक पाहिले. तारे जागच्या जागी, एक ठिपका मात्र सरकतोय. नॉर्मन पॉग्सन १८६१ साली मद्रासच्या वेधशाळेत हेच करत होते, तेही फोटोंविना. कागदावरचा नकाशा दुर्बिणीतल्या आकाशाशी ताडायचा. नकाशात नसलेला तारा दिसला, की पुढच्या रात्री तो हललाय का बघायचं. १७ एप्रिलला त्यांना असा एक सापडला. आशिया खंडातून सापडलेला तो पहिला लघुग्रह, म्हणून नाव ‘एशिया’, क्रमांक ६७. (मीही एकदा वेस्टा हा लघुग्रह बघायला वहीत तारे काढत बसलो होतो. तिसऱ्या रात्री कळलं, मी ज्याला वेस्टा समजत होतो तो ढिम्म हलला नव्हता. हलला होता शेजारचा!)

आता नावाचं. सरकता ठिपका हाती लागला म्हणजे झालं नाही. तो पुढेही वेगवेगळ्या वर्षी दिसला पाहिजे, कक्षा पक्की झाली पाहिजे. तोवर त्याला नुसता तात्पुरता संकेत असतो. पंडित जसराजांचंच बघा. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला त्यांचा लघुग्रह ॲरिझोनातून २००६ च्या नोव्हेंबरात सापडला. तेव्हा तो नुसता ‘२००६ व्हीपी३२’ होता. व्ही म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा आणि पी३२ म्हणजे त्या पंधरवड्यातला ८१५ वा. पंधरवड्यात एवढी गर्दी! पुढे कक्षा पक्की झाल्यावर कायमचा क्रमांक मिळाला ३००१२८. पंडितजींची जन्मतारीख २८-०१-३०, ती मागून वाचा. नाव लागलं २०१९ मध्ये, सापडल्यापासून तेरा वर्षांनी.

नाव सुचवायचा मान शोधकर्त्याचा, क्रमांक मिळाल्यापासून दहा वर्षं. तुमच्या बाबतीत शोधकर्ता म्हणून कुणाची नोंद होणार, मुलीची की दुर्बीण चालवणाऱ्यांची, हे मोहिमेच्या शिक्षकांना आत्ताच विचारा. नाव रोमन लिपीत सोळा अक्षरांत बसावं, शक्यतो एका शब्दाचं. आजोबा आमदार-खासदार म्हणून गाजलेले नव्हते ना? राजकारण्यांसाठी मृत्यूनंतर शंभर वर्षं थांबावं लागतं! मंजुरी आंतरराष्ट्रीय खगोल संघाची समिती देते, तीही फुकट. ‘इतके रुपये भरा, नाव देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आणि लेकीला सांगा, त्या ठिपक्याचा तात्पुरता संकेत मिळाला असेल तर तो प्रमाणपत्रामागे पेनाने लिहून ठेव. पुढे चौकशी करायची तर तोच लागेल.